नर की मादी? सातारा-सांगलीच्या माळावरील कारवानी कुत्र्याचा इतिहास

कारवानी कुत्रा हा दख्खनच्या कोरड्या माळरानावरचा उंच, सडपातळ आणि लांब तोंडाचा शिकारी कुत्रा. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे दुष्काळी तालुके, त्यांना लागून असलेला सोलापूरचा भाग आणि कर्नाटकातील विजापूर-बागलकोट हा त्याचा सलग मुलूख. मुधोळच्या बाजूला हाच कुत्रा मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो, तर केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दफ्तरी त्याची नोंद कॅरव्हॅन हाउंड अशी आहे. मध्य आशिया, इराण आणि अरबस्तानातून दख्खनमध्ये आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर व सैनिकांबरोबर त्याचे पूर्वज आले, अशी मांडणी सर्वसाधारणपणे केली जाते.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी २७ इंचांच्या आसपास भरतो आणि मादी त्याहून सुमारे दोन इंचांनी कमी. इतके मोठे जनावर दारात बांधायचे म्हणजे रोजच्या भाकरीचा हिशेब आला. म्हणून पिल्लू उचलतानाच नर घ्यायचा की मादी, हा प्रश्न या मुलखात नेहमी महत्त्वाचा राहिला. संस्थानिकांचा शिकारखाना, धनगरांचा वाडा आणि शेतकऱ्याची वस्ती यांनी तो आपापल्या गरजेनुसार सोडवला. त्या निवडींचा परिणाम एकेका घरापुरता राहिला नाही. ही जात कुठे टिकली आणि कुठे विरळ झाली, हेही त्यांनी ठरवले.

देहातला फरक

नर आणि मादी यांच्यातील फरक मोठ्या अंगाच्या जातींत चटकन नजरेत भरतो. नराची छाती रुंद, मान जाड आणि वजन जास्त असते. मादी हलकी असते व बहुधा नराच्या आधी वयात येते. धावण्याच्या कामात मात्र हा फरक फारसा आड येत नाही. ससा सरळ पळत नाही, क्षणोक्षणी दिशा बदलतो. त्यामुळे सरळ धावेत नराच्या लांब टांगेचा जो फायदा होतो, तो वळणावर मादीच्या हलक्या अंगाने भरून निघतो. ग्रेहाउंडच्या शर्यतींत नर आणि मादी एकत्रच धावतात, याचे कारण हेच.

खरा फरक आहे तो प्रजननाच्या चक्रात. कुत्री सामान्यतः वर्षातून एकदा किंवा दोनदा माजावर येते आणि माजाचा काळ सुमारे तीन आठवडे चालतो. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. पिल्ले पीत असताना तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. नराच्या बाबतीत यातले काही नसते. पण आसपास कुठेही कुत्री माजावर आली, की तो घर सोडतो, मैलोन्मैल भटकतो आणि दुसऱ्या नरांशी भांडून जखमी होऊन परततो. मादीचा खर्च ठरावीक दिवसांचा असतो, नराचा कधी उभा राहील हे सांगता येत नाही.

संस्थानांचे शिकारखाने

आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या प्रदेशात ब्रिटिश काळात अनेक लहान संस्थाने होती. सांगली व मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचे, औंध पंतप्रतिनिधींचे आणि फलटण निंबाळकरांचे. जत, औंध आणि फलटण यांची गणना सातारा जहागिरींत होत असे. जतच्या दक्षिणेला घोरपड्यांचे मुधोळ. या राजघराण्यांचे आपसात सोयरिकीचे आणि शिकारीचे संबंध होते, आणि शिकारी कुत्र्यांची देवघेव हा त्या संबंधांचाच भाग होता.

या जातीचे नाव बाहेरच्या जगात पोचवण्याचे श्रेय मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे (१८८४–१९३७) यांना दिले जाते. त्यांच्या मुलखातले बेरड शिकारीसाठी हे कुत्रे बाळगत. मालोजीरावांनी त्यांतले निवडक कुत्रे घेऊन जाणीवपूर्वक पैदास सुरू केली. ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांनी या कुत्र्यांची एक जोडी भेट दिल्याचे सांगितले जाते. नर आणि मादी अशी जोडी देणे म्हणजे केवळ एक जनावर न देता त्याचा वंश देणे, हे जनावरांची पारख असलेल्या राजाला ठाऊक होते.

शिकारखान्यात नर की मादी हा पेच पडत नसे, कारण तिथे दोन्ही ठेवण्याची ऐपत होती. माजावर आलेली कुत्री वेगळी बांधायला जागा होती, देखभालीला नोकर होते आणि पिल्लांना दूध होते. कोणती कुत्री कोणत्या नराला लावायची हे ठरवता येत होते. जातीची शुद्धता राखण्याची मूळ अट हीच आहे. मोकाट फिरणाऱ्या कुत्रीचे एकच वेत एकाहून अधिक नरांचे असू शकते, त्यामुळे वंशावळ सांभाळायची तर मादीवर लक्ष ठेवावेच लागते.

धनगरांचा वाडा

माण, खटाव, आटपाडी आणि जतच्या धनगरांची गरज निराळी होती. पावसाळा संपून दिवाळी झाली, की मेंढरे घेऊन वाडे कोकणाच्या किंवा नदीकाठच्या सुपीक मुलखाकडे निघत आणि पावसाच्या तोंडावर परतत. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे आणि रात्री लांडग्यापासून कळप राखायचा, असा हा क्रम. वाड्यावरचे कुत्रे बहुतेक वेळा शुद्ध कारवानी नसत. त्यांत कारवानी रक्त असे, पण अंग अधिक भरलेले आणि काम राखणीचे.

लांडग्याशी गाठ म्हटली की अंगाने थोराड नर हवा, असा सहज विचार होतो. लोकमानसातला राखण्या कुत्राही नरच आहे: खंड्या, वाघ्या ही खंडोबाच्या परंपरेशी जोडलेली नावे नराला दिली जातात. सातारा जिल्ह्यातील पालीचा खंडोबा असो किंवा म्हसवड आणि खरसुंडीचा सिद्धनाथ, या देवांच्या मुलखात कुत्र्याला मान आहे. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो आणि भैरवाचे तर ते वाहनच.

वाड्याच्या फिरस्त्या जीवनात मादीची अडचण खरी होती. आपल्याकडे कुत्र्यांच्या माजाचा मुख्य काळ भाद्रपदाच्या आसपासचा. त्यात दोन महिन्यांचा गर्भकाळ मिळवला, तर कुत्री कार्तिकात विते, म्हणजे नेमकी वाडा हलण्याच्या वेळी. डोळे न उघडलेली पिल्ले कोकरांबरोबर घोड्याच्या पाठीवर न्यायची आणि पाजणाऱ्या कुत्रीला जास्तीची भाकरी घालायची, हा भार प्रत्येक बिऱ्हाडाला पेलणारा नव्हता.

तरीही वाड्यावर कुत्री लागतच असे. मेंढरांची राखण करणारा कुत्रा विकत आणून तयार होत नाही. तो पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढावा लागतो. वाड्यावरच जन्मलेले पिल्लू कोकरांच्या वासात, त्यांच्या अंगाला अंग लावून मोठे होते आणि कळपालाच आपले कुटुंब मानते. शिवाय पिल्ले असलेली कुत्री वाड्यापासून दूर जात नाही आणि अनोळखी चाहुलीला लगेच उठते. नर मात्र दुसऱ्या वाड्यावरच्या कुत्रीमागे ऐन रात्री कळप सोडून जाऊ शकतो.

नर राखणीला सरस असतो, या समजुतीची तपासणी दूरदेशी झाली. अमेरिकेत १९८०च्या दशकात जेफ्री ग्रीन आणि रॉजर वुडरफ यांनी राखणीचे कुत्रे बाळगणाऱ्या मेंढीपालकांकडून माहिती गोळा केली. कळप राखण्याच्या यशात नर आणि मादी यांच्यात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही.

शेतकऱ्याची वस्ती आणि संस्थानांचा अस्त

८ मार्च १९४८ रोजी दख्खनमधील बहुतेक संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. संस्थानांबरोबर शिकारखानेही गेले. कारवानी कुत्रे आता शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर आणि हौशी माणसांच्या दारात उरले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचा दरवाजा बंद झाला. रानातले ससे आणि काळवीट वाचण्यासाठी ते आवश्यकच होते. पण ज्या कामासाठी ही जात घडली, ते काम तिच्याकडून गेले.

वस्तीवर कुत्रा एकच पाळायचा असल्याने बहुतेकांनी नर निवडला. वेत नको, गावातल्या कुत्र्यांची दारात झुंबड नको आणि दुष्काळात आणखी तोंडे नकोत, ही कारणे त्यांच्या बाजूने रास्तच होती. परिणाम मात्र जातीला भोगावा लागला. एक नर अनेक माद्यांना पुरतो, पण एक मादी वर्षाकाठी एखादेच वेत देते. त्यामुळे जातीची वाढ नेहमी चांगल्या माद्यांच्या संख्येवर ठरते. दारी नर असूनही जवळपास जातिवंत मादी नसेल, तर त्याचे रक्त गावठी कुत्र्यांत मिसळून जाते. पुढे शर्यतींच्या हौसेपोटी ग्रेहाउंडशी संकर होऊ लागला आणि मूळ रूपाचे कुत्रे आणखी कमी झाले.

नव्या काळातील जतन

पुढच्या काळात या जातीकडे पुन्हा लक्ष गेले. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र उभे राहिले. २०१६ मध्ये मेरठ येथील लष्कराच्या केंद्रात या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी गेली. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम आणि चिप्पिपराई यांच्यासोबत मुधोळ हाउंडचीही अधिकृत नोंद केली.

या काळात मादीचे मोल वाढले आणि तिच्यावरचा ताणही. पिल्लांना किंमत येऊ लागताच कुत्रीकडून एकामागून एक वेते घेण्याचा मोह होतो. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधी २०१७च्या केंद्रीय नियमांनी त्याला मर्यादा घातली: १८ महिन्यांखालील मादीची पैदास करू नये, १२ महिन्यांत एकाहून जास्त वेत घेऊ नये आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेते घेऊ नयेत.

पैदास करायची नसेल, तर आज नसबंदीचा पर्याय आहे आणि त्याने जुन्या अडचणींपैकी बऱ्याच सुटतात. मादीचा माज थांबतो, नराचे भटकणे कमी होते. गर्भाशयात पू होण्याचा आजारही टळतो. स्वीडनमधील विमा नोंदींच्या अभ्यासात नसबंदी न केलेल्या सुमारे एक-चतुर्थांश माद्यांना दहाव्या वर्षापर्यंत हा आजार झाल्याचे दिसले. मोठ्या जातींत मात्र शस्त्रक्रियेची घाई करू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले. म्हणून योग्य वय पशुवैद्याला विचारून ठरवावे.

घराच्या राखणीला किंवा सोबतीला एकच कुत्रा हवा असेल, तर नर-मादी हा भेद आता गौण आहे. पिल्लाचे आईबाप निरोगी आणि शांत आहेत का, धावायला मोकळे रान आहे का आणि रोज वेळ देता येईल का, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत. जात टिकवण्याचा विचार असेल, तर उत्तर शिकारखान्यांनी आणि वाड्यांनी देऊन ठेवले आहे: चांगली मादी राखावी, तिला वेतांमध्ये पुरेशी विश्रांती द्यावी आणि तिच्यासाठी नर दुसऱ्या घराण्यातला, पारखून निवडावा.