कॅन्सर झालेल्या मुलाचे आई-वडील : सोलापूरकरांसाठी काही माहिती

लहान मुलांचा कॅन्सर मोठ्यांच्या कॅन्सरपेक्षा वेगळा. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही, आणि नजर लागून किंवा आईच्या कसल्या चुकीने होत नाही. हे आधीच सांगतो, कारण मोहल्ल्यात पहिली चौकशी याचीच होते आणि ती बहुतेक आईलाच ऐकावी लागते.

मुलांत सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, त्यातही अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मोहीम सुरू केली, तिचं उद्दिष्ट २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं वाचावीत असं आहे. गरीब घरांत मुलं दगावण्याचं एक मोठं कारण म्हणजे उपचार अर्ध्यावर सुटणं. या ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो, पण महिना-दोन महिन्यांतच बहुतेक मुलांचा ताप जातो, मूल खेळायला लागतं. घरच्यांना वाटतं, झालं बरं. त्यात लूमवरची मजुरी बुडालेली, उसनवारी वाढलेली, घरी दुसरी लेकरं. मग पुढची तारीख चुकते. पण पेशी शरीरात लपून असतात, आणि आजार उलटला की काबूत आणणं फार अवघड जातं.

म्हणून पैशाची आणि राहण्याची सोय पहिल्याच आठवड्यात बघावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावं. आई बिडी कामगार असेल तर तिचं ओळखपत्र जपून ठेवा. बिडी कामगार कल्याण योजनेत कुटुंबातल्या कॅन्सरच्या उपचारालाही मदत आहे. गरजू घराच्या उपचारासाठी जकातही देता येते, मात्र ती रमजानची वाट न बघता दिली तर उपयोगाची.

जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. मुलाचे कोणते उपचार जवळ होतील आणि कशासाठी मुंबईच गाठावी लागेल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालं की सकाळी दादर. रुग्णालयाच्या दाखल्यावर स्लीपर आणि थर्ड एसीत कॅन्सरच्या रुग्णाला पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. राहण्यासाठी 'सेंट ज्यूड' ही संस्था २००६ पासून बाहेरगावच्या मुलांना आई-वडिलांसह मोफत ठेवून घेते. तिथे जाण्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटावं. बरेच जण लाजून विचारतच नाहीत आणि फुटपाथवर दिवस काढतात.

घरी सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचा. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही, रात्री दोन वाजताही दवाखाना. थर्मामीटर घरात हवाच. केमोचे कागद एका पिशवीत तयार ठेवावेत, सोलापुरातल्या डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं. दुआ करावी, दवाही सोडू नये. जडीबुटी किंवा दुसऱ्या पॅथीचं औषध डॉक्टरांना न सांगता देऊ नये, ते केमोच्या आड येऊ शकतं.

मुलाला काय सांगायचं? खरं सांगायचं, त्याला कळेल तेवढंच. 'सुई टोचणार नाही' असं म्हणून नेलं की पुढच्या वेळी ते आपल्यावर भरवसा ठेवत नाही. केस जाणार आहेत हे आधी सांगावं, आणि नंतर परत येतात हेही. चॉकलेट-मोबाइल सगळं त्यालाच मिळालं की भावंडं मनात कुढतात, बोलत नाहीत. त्यांच्याशीही रोज थोडं बसावं.

आम्हा शिक्षकांचंही यात काम आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, तेव्हा गैरहजेरीमुळे नाव कमी करायचा प्रश्न येत नाही. वह्या, गृहपाठ मित्राच्या हाती घरी पाठवावा. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी पालकांना फोन करावा, कारण अशा मुलासाठी तो जिवावरचा आजार ठरू शकतो. शाळेत गोवर-रुबेलाची लस द्यायला पथक आलं तर या मुलाला त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये.