ट्रॅक्टरचं इंजिन बांधायचं की बदलायचं? पनवेल परिसरातील शेतकऱ्यांसाठी खर्चाचा पूर्ण हिशोब

पनवेल : चिखलणीच्या ऐन मोसमात ट्रॅक्टर बसला की नुसता दुरुस्तीचा खर्च होत नाही, लावणीही लांबते. पनवेल, उरण, कर्जत, खालापूर भागात भाताची चिखलणी जून-जुलैच्या मोजक्या दिवसांत उरकावी लागते. तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही आणि मेकॅनिककडेही रांग असते. म्हणून इंजिनाने धूर मारायला सुरुवात केली असेल तर निर्णय उन्हाळ्यातच घ्या.

इंजिन कधी खोलावं लागतं, खर्च किती येतो, जुनं इंजिन बसवणं परवडतं का आणि आरटीओचं काय, याची माहिती खाली एकत्र दिली आहे. दर अंदाजे आहेत. कंपनी, मॉडेल, पार्ट ओरिजिनल की लोकल आणि गॅरेज यानुसार ते कमी-जास्त होतात.

आधी खात्री करा, इंजिन खरंच गेलंय का?

धूर दिसला की लगेच इंजिन खोलायची गरज नसते. धुराचा रंग बघा.

• काळा धूर : डिझेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर चोक असेल, नोझल खराब असेल किंवा पंपाची सेटिंग बिघडली असेल. हे काम थोडक्यात होऊ शकतं.
• निळसर धूर : ऑइल जळतंय. रिंग, लायनर घासले असतील किंवा हेडमधले व्हॉल्व गाईड, सील गेले असतील.
• पांढरा धूर : सकाळी थंड इंजिनावर थोडा वेळ येत असेल तर घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावरही येत असेल तर टायमिंग, नोझल तपासा. रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा.

याशिवाय ही लक्षणं गंभीर समजा :

• ब्रीदरमधून किंवा ऑइल टाकायच्या झाकणातून जोरात धूर फेकला जाणे. याला ब्लो-बाय म्हणतात.
• ऑइल वारंवार टाकावं लागणे आणि बाहेर गळती कुठेच नसणे.
• ऑइलचा रंग दुधाळ होणे. याचा अर्थ ऑइलमध्ये पाणी गेलं. असा ट्रॅक्टर एक तासही चालवू नका.
• ऑइल प्रेशरचा दिवा गरम झाल्यावर लागणे किंवा खालून जड ठोका ऐकू येणे. बेअरिंग घासल्याची ही खूण असते.

मेकॅनिकला कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडर तपासायला सांगा. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असेल आणि सगळ्यांचं कमी असेल, या दोन्हींत खर्चाचा मोठा फरक पडतो.

कामाचे तीन प्रकार

१) हेडचं काम : फक्त वरचा भाग खोलतात. व्हॉल्व, गाईड, सीट, हेड फेसिंग, हेड गॅस्केट. खर्च साधारण १० ते २० हजार रुपये.

२) हाफ इंजिन : हेडच्या कामासोबत पिस्टन, रिंग, गरज असेल तर लायनर आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. क्रँक जागेवरच राहतो. खर्च साधारण २५ ते ४५ हजार रुपये.

३) फुल इंजिन : इंजिन उतरवून पूर्ण खोलतात. क्रँक काढून मोजतात, गरजेप्रमाणे घासतात आणि सगळं नव्याने बांधतात.

फुल इंजिनाचा खर्च कुठे जातो?

३ सिलिंडरच्या, साधारण ३५ ते ४५ एचपी ट्रॅक्टरचा अंदाज असा :

• लायनर, पिस्टन, रिंग, पिन सेट : ९,००० ते १६,०००
• मेन आणि रॉड बेअरिंग, थ्रस्ट वॉशर : २,५०० ते ५,०००
• क्रँक ग्राइंडिंग : १,५०० ते ३,५००
• हेडचं पूर्ण काम : ४,००० ते ९,०००
• गॅस्केट किट, ऑइल सील : २,५०० ते ५,०००
• डिझेल पंप कॅलिब्रेशन आणि नोझल : ५,००० ते १२,०००
• ऑइल पंप, वॉटर पंप, होज, बेल्ट : ३,००० ते ८,०००
• ऑइल, फिल्टर, कुलंट : ३,५०० ते ५,५००
• मजुरी : ८,००० ते १५,०००

एकूण : अंदाजे ३९,००० ते ७९,००० रुपये.

४ सिलिंडर असेल तर पिस्टन-लायनर, नोझल, व्हॉल्व यांचा खर्च सिलिंडरच्या हिशोबाने वाढतो. १५ ते २० एचपीच्या एक सिलिंडरी मिनी ट्रॅक्टरला यापेक्षा बराच कमी खर्च येतो. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हा प्रदूषणाचा नवा नियम लागू झाला. अशा इंजिनांत कॉमन रेल आणि सेन्सर येतात, त्यामुळे नोझल-पंपाचा खर्च जास्त असतो आणि साध्या गॅरेजमध्ये ते काम होत नाही.

अंदाज कुठे चुकतो?

इंजिन खोलल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. सर्वात मोठा प्रश्न क्रँकचा. क्रँक मायक्रोमीटरने मोजतात. घासला असेल तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज बेअरिंग टाकतात. गॅरेजमध्ये यालाच १० थाऊ, २० थाऊ म्हणतात. आधीच शेवटच्या साइजपर्यंत घासलेला किंवा तडा गेलेला क्रँक बदलावाच लागतो आणि बिल १२ ते २५ हजारांनी वाढू शकतं. ब्लॉकला किंवा हेडला तडा असेल तर हिशोब पूर्ण बदलतो. म्हणून ठरलेल्या रकमेच्या वर २० ते २५ टक्के पैसे बाजूला ठेवूनच इंजिन खोलायला द्या.

इंजिन बदलायचं असेल तर?

जुनं इंजिन : दुसऱ्या ट्रॅक्टरचं काढलेलं इंजिन साधारण ५० हजार ते १ लाखात मिळतं. दिसायला स्वस्त, पण आतून किती चाललंय हे कळत नाही. सुरू करून, लोड देऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. विकणाऱ्याचं बिल, त्या ट्रॅक्टरच्या आरसीची प्रत आणि इंजिन नंबर जुळवून घ्या. नंबर खोडलेला, घासलेला असेल तर हात लावू नका. चोरीचा माल निघाला तर ट्रॅक्टर पोलीस ठाण्यात जमा होतो.

नवं इंजिन : कंपनीच्या डीलरमार्फत मागवावं लागतं. खर्च साधारण दीड लाखाच्या पुढे धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरसाठीचं २५० सीसीच्या वरचं डिझेल इंजिन, क्लच, रेडिएटर, सायलेन्सर, टायर असे ठराविक भागही १८ वरून ५ टक्क्यांत आले. बिलावर जीएसटीचा दर वाचून घ्या, जुन्या दराने पैसे देऊ नका.

आरटीओचा नियम : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर नोंदवावा लागतो. कर्ज चालू असेल तर बँकेची किंवा फायनान्सची लेखी संमती आधी घ्या. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा, नाहीतर अपघाताच्या वेळी क्लेम अडकतो. जुनंच इंजिन बांधलं आणि ब्लॉक तोच राहिला तर हा व्याप नाही.

कोणासाठी काय परवडतं?

आधी ट्रॅक्टर आहे त्या स्थितीत किती रुपयांना विकला जाईल ते दोन ठिकाणी विचारा.

• किंमत ३ लाख आणि फुल इंजिनचा खर्च ६० हजार, म्हणजे किमतीच्या २० टक्के. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, टायर ठीक असतील तर इंजिन बांधून घ्या.
• किंमत दीड लाख, इंजिनला ७० हजार आणि वर गिअर, टायरला ५० हजार. एकूण १ लाख २० हजार, म्हणजे किमतीच्या ८० टक्के. इथे विकून दुसरा बघितलेला बरा.
• ब्लॉक फुटला असेल पण बाकी ट्रॅक्टर चांगला असेल तरच इंजिन बदलण्याचा विचार करा.

आणखी एक हिशोब आपल्या भागातला. विमानतळ, सिडको, रस्त्यांच्या कामात अनेकांची जमीन गेली आहे. दोन-तीन एकर भात उरला असेल आणि ट्रॅक्टर वर्षात ५०-६० तासच चालत असेल, तर लाखभर रुपये इंजिनात घालण्यापेक्षा भाड्याने चिखलणी करून घेणं किंवा पॉवर टिलर ठेवणं स्वस्त पडतं. तासाला ९०० रुपये भाडं धरलं तरी ६० तासांचे ५४ हजार होतात. त्यात तुमचं डिझेल, ऑइल, ड्रायव्हर, विमा काहीच लागत नाही. उलट तुम्हीच दुसऱ्यांची शेतं करत असाल आणि वर्षाला ३०० तास चालवत असाल, तर इंजिनाचा खर्च दोनेक मोसमांत निघू शकतो.

पैसे कुठून?

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या रकमेवर शेती साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २० टक्के धरले जातात. तुमच्या बँकेत किंवा विकास सोसायटीत याची विचारणा करा. ट्रॅक्टर, पॉवर टिलरचं अनुदान नव्या खरेदीसाठी असतं, इंजिन दुरुस्तीला ते मिळत नाही. महाडीबीटीवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमती पत्र येण्याआधी खरेदी करू नका, अनुदान जाईल.

गॅरेजला देताना हे करा

१) ट्रॅक्टर वॉरंटीत आहे का ते आधी बघा. असेल तर बाहेर इंजिन खोलू नका.
२) पार्टची यादी, कंपनीचं नाव, मजुरी आणि मुदत कागदावर लिहून घ्या.
३) इंजिन खोलल्यावर स्वतः जाऊन बघा. क्रँक आणि लायनरची मापं विचारा, फोटो काढा.
४) काढलेले जुने पार्ट परत मागा. बदलले की नाही ते तिथेच कळतं.
५) पार्टचं पक्कं बिल घ्या. पूर्ण पैसे आधी देऊ नका, ट्रायल झाल्यावर शेवटचा हप्ता द्या.

बांधल्यानंतर पहिले ५० तास

नव्या इंजिनावर लगेच चिखलणी करू नका. पहिले ५० तास हलक्या कामावर चालवा, गरम होऊ देऊ नका, पुस्तिकेप्रमाणे पहिलं ऑइल आणि फिल्टर बदला, हेड बोल्टची टाइट मेकॅनिककडून तपासून घ्या. म्हणजेच १० जूनला पाऊस धरला तर इंजिन मेच्या पहिल्या आठवड्यात तयार हवं आणि त्यासाठी एप्रिलमध्ये गॅरेजला जायला हवं.

पुन्हा खर्च नको असेल तर

• मुरूम, विटा, रेतीची वाहतूक आणि मळणीच्या धुळीत एअर फिल्टर रोज बघा. धूळ आत गेली की रिंग-लायनर सर्वात आधी जातात.
• चिखलणीनंतर रेडिएटरच्या जाळीतला चिखल, पेंढा पाण्याने धुवा.
• खाडीकाठच्या गावांत विहीर, बोअरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका. कुलंट वापरा.
• ट्रॅक्टर पुराच्या पाण्यात बुडाला असेल तर सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी मेकॅनिक बोलवा, नोझल काढून पाणी बाहेर काढा, ऑइल-डिझेल बदला, मगच सुरू करा.