प्रतापगडाहून वाटेगावला

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान पडला. त्या प्रसंगावर अज्ञानदासानं रचलेला पोवाडा हा आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक. बक्षीस मिळालेला घोडा आणि सोन्याचा तोडाही त्यानं त्यातच नोंदवून ठेवला. लढाई, वीर, शाहीर आणि बक्षीस यांची गाठ इतकी जुनी आहे. पण गडाच्या वाटा राखणाऱ्या, रात्री जागणाऱ्या रामोशी, महार, मांगांची नावं अशा कवनांत क्वचितच येतात.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं. गडांबरोबर या लोकांची चाकरीही गेली. रामोशांना घेऊन इंग्रजांशी लढलेल्या उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिलं. पुढे गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई इलाख्यातही आला. काल गावाची राखण करणारा आज पोलिसांपुढे हजेरी द्यायला उभा. हरलेल्या लढाईची किंमत सर्वांत जास्त काळ त्यांनीच मोजली, असं मला वाटतं.

पोवाड्याच्या परंपरेला पहिलं मोठं वळण दिलं जोतीराव फुल्यांनी. त्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा छापला आणि तो कुणबी, माळी, महार, मांगांच्या उपयोगी पडावा, असं प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं. आता कवन कुणासाठी, हे दरबार ठरवणार नव्हता.

पुढचं वळण आलं वाटेगावहून. वाळवा तालुक्यातलं हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत. तिथल्या मांगवाड्यात १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळा जवळजवळ नाहीच. पोटासाठी मुंबई, गिरणी, मग कम्युनिस्टांचा लाल बावटा. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडची लढाई संपली आणि अण्णा भाऊंनी तिच्यावर पोवाडा रचला. प्रतापगडाच्या मुलखातला डफ आता व्होल्गाकाठच्या लढवय्यांसाठी वाजत होता, आणि ऐकायला समोर मुंबईचे कामगार होते. १९४४ मध्ये अमर शेख, गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं राहिलं.

स्वतःच्या माणसांची लढाई मात्र अण्णा भाऊंनी कादंबरीत मांडली. ‘फकिरा’ १९५९ ची, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिचा नायक त्यांच्या नात्यातला. त्याची झुंज भुकेल्यांच्या पोटाची आणि हजेरीविरुद्धची. तो लुटतो ते धान्य आणि खजिना, वाटतो ते उपाशी माणसांत. जुन्या पोवाड्यातला वीर लढता लढता मरतो किंवा जिंकून परततो. फकिराला पकडणं जमत नाही म्हणून सरकार त्याच्या माणसांना डांबतं, आणि ती सुटावीत म्हणून तो आपण होऊन हजर होतो.