निवडीचं स्वातंत्र्य आणि हार्वर्ड

चार्ल्स एलियट 1869 साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले, तेव्हा ग्रीक, लॅटिन, गणित ठरल्या क्रमाने घोकणं म्हणजे शिक्षण होतं. चाळीस वर्षांत त्यांनी ती चौकट मोडली. एकोणिसावं शतक सरता सरता सक्तीचं म्हणावं असं पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन तेवढं उरलं. विज्ञानाला मानाचं स्थान मिळालं, हे मोठंच काम. पण अनेक विद्यार्थी प्राथमिक, सोप्या तासांवर पदवी गोळा करू लागले. विषय शेजारी बसले, बोलले मात्र नाहीत. म्हणून 1909 मध्ये अध्यक्षपदी आलेल्या लॉवेल यांनी एका क्षेत्रात खोली आणि बाकीच्यांत विस्तार, असा दुहेरी नियम आणला. मला त्याहून मोलाचा वाटतो तो 1906 चा इतिहास-साहित्याचा जोड अभ्यासक्रम, कारण त्यात दोन विषयांची सांगड घालण्याची जबाबदारी संस्थेने स्वतःवर घेतली.

कुणी म्हणेल, प्रतिभेला असल्या चौकटी कशाला? गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी 1929 साली हार्वर्डचे पदवीधर झाले. गणिती असूनही नाण्यांच्या वजनांवरून त्यांनी प्राचीन इतिहास वाचला, तो कुठल्या अभ्यासक्रमाच्या आधाराने नव्हे. खरं आहे. पण अभ्यासक्रम कोसंबींसाठी आखायचा नसतोच. आखायचा असतो तो वाट न सापडणाऱ्या सामान्य विद्यार्थ्यासाठी. नुसती विषयांची लांबलचक यादी त्याच्या हाती देणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी एलियट यांच्यानंतरचं हार्वर्डही वाचावं.