मेटफॉर्मिन आणि बी-१२ ची उशिरा आलेली तपासणी
मेटफॉर्मिन हे १९५७ पासून मधुमेहावर वापरले जाणारे औषध बी-१२ या जीवनसत्त्वाचे आतड्यातील शोषण घटवते, हे १९७१ मध्येच नोंदले गेले असूनही तळपायांची आग आणि बधिरपणा, म्हणजे बी-१२ च्या कमतरतेनेही होणाऱ्या मज्जातंतूंच्या इजेची लक्षणे, सरसकट मधुमेहाच्याच खाती मांडली गेली. महाराष्ट्रात हे दुर्लक्ष विशेष गंभीर ठरते. कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ ची पातळी कमी आढळली होती. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ठरावीक काळाने तपासणीची शिफारस केली ती २०१७ मध्ये.