पंतप्रधानाचं बटण कुठलं?

७ मे २०२४. लोकसभेच्या तिसऱ्या टप्प्याचं मतदान आमच्या जिल्ह्यात होतं आणि दर निवडणुकीप्रमाणे माझी ड्युटी लागली होती. आदेशाच्या कागदावर जिल्हा धाराशिव आणि मतदारसंघ मात्र '४० - उस्मानाबाद'. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी मतदारसंघाचं नाव २००८ च्या पुनर्रचनेत ठरलं तेच अजून चालू आहे. पहाटे साडेपाचला एजंटांसमोर मॉक पोल घेतला, मशीन पुन्हा शून्यावर आणलं, सील केलं आणि सातला दार उघडलं.

दहाच्या सुमारास माझाच एक जुना विद्यार्थी आला. पहिलंच मतदान. बोटाला शाई लावून घेताना हळूच म्हणाला, "सर, पंतप्रधानाचं बटण कुठलं?"

तो थट्टा करत होता की खरंच विचारत होता, मला कळलं नाही. मतदान केंद्रात मला काही बोलताही येत नव्हतं. मी नुसतं आत जायची खूण केली. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या मशीनवर पंतप्रधानाचं बटण नसतं, हे त्याला शाळेत मीच शिकवलं होतं. ते का नसतं आणि आपल्या जिल्ह्यापर्यंत ते मशीन कुठल्या वाटेनं आलं, हे मात्र शिकवायचं राहून गेलं. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. आपल्या बुजुर्गांच्या गप्पांत 'आपली हुकूमत होती तेव्हा' असं वाक्य यायचं. हुकूमत निजामांची होती. मीर उस्मान अली खान मुसलमान होते, पण नळदुर्गच्या मुसलमान विणकराला, परंड्याच्या मुसलमान शेतमजुराला त्या हुकूमतीत काय विचारलं जात होतं? राज्याचा मोठा भाग सर्फ-ए-खास, पायगा आणि जहागिऱ्यांमध्ये वाटलेला. दिवाण निजाम नेमणार, फर्मान निजाम काढणार. १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यात विधिमंडळासाठी जहागीरदार, वकील, व्यापारी असे हितसंबंधांनुसार मतदारसंघ होते. हिंदू आणि मुसलमानांना समान जागा होत्या, जरी राज्यातले बहुसंख्य लोक हिंदू होते. तरी शेवटचा शब्द निजामांचाच. रयतेतल्या हिंदूला त्यात न्याय नव्हता, हे आपण मान्य केलं पाहिजे. पण रयतेतल्या मुसलमानाच्या हातातही काही नव्हतं. जागा 'मुसलमानांच्या' होत्या, पण त्यावर बसणारे बडे लोक होते.

आपल्या सीमेपलीकडे बार्शी होती. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. तिथे १९३७ आणि १९४६ ला निवडणुका झाल्या, पण मतदार होण्यासाठी सारा, मालमत्ता किंवा शिक्षणाची अट होती. शिवाय १९०९ पासून मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे. मुसलमान उमेदवार, मुसलमान मतदार. बार्शीच्या हिंदू उमेदवाराला मुसलमानाच्या दारात यायची गरज नव्हती आणि मुसलमान उमेदवाराला हिंदूच्या. एका बाजूला मतच नाही, दुसऱ्या बाजूला मत आहे पण मधे भिंत. आज बार्शी, उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परंडा आणि लातूर जिल्ह्यातलं औसा असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून आपली एक लोकसभेची जागा होते. निजाम आणि इंग्रजांची जुनी सरहद्द आता एकाच खासदाराच्या मतदारसंघातून जाते.

या दोन्ही जुन्या व्यवस्था संपायच्या आधी १९४८ आलं. त्याबद्दल लिहिताना हात अडखळतो, पण ते गाळलं तर पुढच्या गोष्टीचं मोल कळणार नाही. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केलं, ते हिंदू कुटुंबं आजही विसरलेली नाहीत आणि त्यांनी विसरावं असं सांगायचा आपल्याला हक्क नाही. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज आली, पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल ताब्यात घेतला गेला आणि १७ ला निजाम शरण आले. त्यानंतर रझाकारांचा हिशेब सामान्य मुसलमानांकडून वसूल झाला. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्यात मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. माझी दादी अशाच एका घरात अकरा दिवस राहिली. त्या घरचे आणि आमचे लग्नकार्याचे संबंध अजून आहेत.

आता इकडे दिल्लीत काय चाललं होतं ते पाहा. घटना समितीने वेगळे मतदारसंघ १९४७ मध्येच रद्द केले. मुसलमानांसाठी राखीव जागा ठेवाव्यात का, हा प्रश्न उरला होता. मद्रासचे मुहम्मद इस्माईल वेगळ्या मतदारसंघांसाठी शेवटपर्यंत भांडले. बेगम कुदसिया एजाज रसूल या समितीतल्या एकमेव मुस्लिम महिला. त्यांचं म्हणणं उलट होतं: राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचं तोडतील. मे १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागाही गेल्या. संविधानाचं कलम ३२५ सांगतं की प्रत्येक मतदारसंघात एकच सर्वसाधारण यादी असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कोणाचं नाव वगळलं जाणार नाही. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. वय तेव्हा २१ होतं, १९८९ मध्ये ते १८ झालं. साऱ्याची पावती नको, शाळेचा दाखला नको.

पोलीस ॲक्शनला साडेतीन वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. २५ ऑक्टोबर १९५१ ला हिमाचलात सुरू झालेलं मतदान फेब्रुवारी १९५२ पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं. सुमारे सतरा कोटी मतदार, लोकसभेच्या ४८९ जागा. मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. देशातली ऐंशी टक्क्यांहून जास्त माणसं निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी ठेवली होती. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. आडोशाला जायचं आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा.

दादीचं वय तेव्हा बावीस-तेवीस असेल. घरातले पुरुष जायला तयार नव्हते. बाहेर पडलं की कोण काय बोलेल, ही भीती होती. ती मोहल्ल्यातल्या चार बायांबरोबर गेली. रांगेत पुढे-मागे गावातल्याच बाया होत्या, ज्यांच्याशी तीन वर्षांत धड बोलणं झालं नव्हतं. कोणाला मत दिलं हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नाही. एवढंच सांगायची, "वो पेटी में मैं मेरे हाथ से कागद डाली. किसीने नई देख्या."

लहानपणी मला यात विशेष काही वाटायचं नाही. पुढे केंद्राध्यक्ष म्हणून काम करू लागलो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला. ज्या बाईला तीन वर्षांपूर्वी जीव वाचवायला लपावं लागलं, तिला सरकारने रांगेत उभं केलं, आडोसा दिला आणि गावच्या पाटलाच्या मताइतकंच तिचं मत मोजलं. पेट्या उमेदवारांच्या होत्या. हिंदूंची पेटी, मुसलमानांची पेटी असं काही तिथं नव्हतं.

त्या निवडणुकीत उस्मानाबादहून काँग्रेसचे राघवेंद्रराव दिवाण लोकसभेवर गेले. हैदराबाद संस्थानातल्या २५ जागांपैकी काँग्रेसला १४ मिळाल्या. बंदी असलेल्या कम्युनिस्टांनी पीडीएफ या नावाने सात जिंकल्या. देशभरात काँग्रेसला मतं साधारण ४५ टक्के आणि जागा ४८९ पैकी ३६४. हा आकडा वर्गात सांगितला की मुलं विचारतात, हे कसं? कारण प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मतं लागत नाहीत. विरोधी मतं चार ठिकाणी फुटली की कमी मतांचा माणूसही दिल्लीला जातो.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. आपण फक्त आपला खासदार निवडतो. असे ५४३ खासदार मिळून लोकसभा होते. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान २७२ जणांचा पाठिंबा ज्याच्यामागे, तो पंतप्रधान. निवडून आल्यावरही त्याला त्याच सभागृहाला उत्तर द्यावं लागतं. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल, असं कलम ७५ सांगतं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मतं पडली. एका मताने सरकार गेलं. २०२४ ला भाजपला २४० जागा मिळाल्या आणि मित्रपक्षांशिवाय सरकार बनत नव्हतं. निजामांना असं कोणापुढे मोजून दाखवावं लागत नव्हतं. म्हणून मशीनवर पंतप्रधानाचं बटण नाही. तिथं आपल्या माणसाचं बटण आहे, आणि तो माणूस दिल्लीत कोणाच्या मागे उभा राहील, हे पाहून आपण ते दाबायचं असतं.

या व्यवस्थेची किंमतही आपण मोजली आहे. १९५२ पासून आजपर्यंत उस्मानाबाद लोकसभेतून एकही मुसलमान निवडून आलेला नाही. मधली बरीच वर्षं ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती, तो काळ सोडला तरी चित्र तेच आहे. आपण जिल्हाभर विखुरलेले आहोत आणि जास्त मतांचा जिंकणार या नियमात विखुरलेल्यांची खुर्ची सहज होत नाही. यावर काहीजण म्हणतात, वेगळे मतदारसंघ बरे होते. मला ते पटत नाही. आपली खुर्ची मिळाली असती, पण बाकीच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना आपल्या मोहल्ल्याचा रस्ता विसरायची मुभा मिळाली असती. २००९ ला इथे पद्मसिंह पाटील सात हजारांपेक्षाही कमी मतांनी जिंकले. २०२४ ला ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी. सुमारे वीस लाख मतदारांच्या या जागेवर निकाल किती चुरशीचा होईल, हे कोणालाच आधी माहीत नसतं. म्हणून प्रत्येकाला प्रत्येक दारात यावं लागतं. आपल्या दारात आल्यावर त्याला शादीखान्याऐवजी शाळेच्या खोल्या, पाणी आणि मुलींच्या वसतिगृहाबद्दल विचारायचं की नाही, हे आपल्यावर आहे.

पण मत द्यायला आधी यादीत नाव लागतं. पहिल्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. आपल्याकडची अडचण वेगळी आहे आणि उर्दू-मराठी दोन्ही शिकवणारा म्हणून ती मला रोज दिसते. आधारवर फातिमा बेगम, रेशनकार्डावर फातिमाबी, यादीत फातीमा बी शेख. एकाच घरात सय्यद, सैय्यद आणि सयद. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या तालुक्यात गेली, तिचं नाव माहेरच्या यादीत राहिलं आणि मतदानाच्या दिवशी ती दोन्हीकडे नाही. तेव्हा केंद्रावर येऊन आमच्याशी भांडून उपयोग नसतो. आमच्या हातातल्या यादीत त्या दिवशी कोणालाही नाव घालता येत नाही.

ते काम आधीचं आहे. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला नमुना ८. १८ वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. तुमच्या भागाचा बीएलओ बहुतेक वेळा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकाच असते, त्यांना घरी बोलवा, चहा द्या, घरातल्या प्रत्येकाचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. बायकांची नावं आधी पाहा.

दादी गेली तेव्हा तिचं नाव यादीतून कमी करायचा नमुना ७ मीच भरला. यादीत तिचं नाव बरोबर छापलेलं होतं, वेलांटीसकट. तिनं ते दोनदा दुरुस्त करून घेतलं होतं.