नेपाळचा भूकंप आणि आपली वर्गणी

"आपल्या वस्तीतली पोरं फी नाही म्हणून कॉलेज सोडतात, आणि तुम्ही नेपाळसाठी डबा फिरवता?" मे २०१५ मध्ये आमच्या विहारातल्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने हा सवाल केला. सवाल खोटा नव्हता. पण त्याचे उत्तर भावनेत नाही, इतिहासात आहे.

२५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने नेपाळ हादरला. केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ होते. जवळपास नऊ हजार माणसे मेली, सुमारे पाच लाख घरे जमीनदोस्त झाली. त्यानंतर नवव्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. ज्या देशात लुंबिनी आहे, तो देश ढिगाऱ्याखाली असताना आपण खीर वाटून घरी जायचे का, हा प्रश्न आमच्यासमोर होता.

नेपाळशी आपले नाते केवळ लुंबिनीचे नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. प्रकृती ढासळलेली होती, तरी २० नोव्हेंबरला ते तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. पुढच्या सोळा दिवसांत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

दुसरे नाते जातीचे आहे. जंगबहादूर राणाच्या काळात, १८५४ साली, नेपाळने 'मुलुकी ऐन' आणला. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाचा विटाळ होतो, हे त्यात कायद्याने ठरवले. आपल्याकडे मनुस्मृती होती, तिथे सरकारी कायदाच होता. कामी, दमाई, सार्की म्हणजे लोहार, शिंपी, चामड्याचे काम करणारे तळाला ढकलले गेले. १९६३ च्या नव्या कायद्याने ती उतरंड कागदावरून पुसली. तरी अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला २०११ साल उजाडावे लागले.

आता १९३४ आठवा. १५ जानेवारीच्या भूकंपाने बिहार आणि नेपाळ दोन्ही उद्ध्वस्त केले. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची दैवी शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी या अवैज्ञानिक विचाराला जाहीर विरोध केला. आपला सवाल साधा आहे: शिक्षा अस्पृश्यता पाळणाऱ्यांना होती, तर अस्पृश्यांच्या झोपड्या का पडल्या? भारतीय भूपट्ट हिमालयाखाली सरकतो, ताण साठतो, जमीन हादरते. कारण आहे म्हणून कार्य घडते. बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्याला भूकंपात देव शोधावा लागत नाही.

भूकंप निसर्ग घडवतो, पण मदत माणूस वाटतो, आणि माणूस जात घेऊन येतो. २००१ साली कच्छमध्ये, २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदतीत मागे ठेवल्याचे अहवाल आहेत. २०१५ च्या नेपाळमध्येही तेच झाले. शिवाय घरबांधणीच्या सरकारी अनुदानासाठी जमिनीचा कागद, तिथला 'लालपुर्जा', लागत होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीनच मिळू दिली नाही, त्यांनी कागद कुठून आणायचा? नियमात जातीचे नाव नव्हते, परिणामात मात्र जातच होती.

आमची मोहीम इथेच चुकली. आम्ही जुने कपडे गोळा केले. ट्रकचे भाडे कोण देणार, सीमेपलीकडे कोण नेणार, याचा विचारच केला नव्हता. गाठोडी तीन महिने विहाराच्या खोलीत पडून राहिली. रोख रक्कम आम्ही एका मोठ्या निधीत भरून मोकळे झालो. भाजी विकणाऱ्या एका आजीने दिवसाची कमाई डब्यात टाकली होती. पावसाळ्यात तिने विचारले, "पोचलं का रे बाळा?" माझ्याकडे पावती होती, उत्तर नव्हते.

म्हणून तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी आधी तिथला माणूस शोधा. नेपाळमध्ये १९९४ पासून दलित स्त्रियांची फेमिनिस्ट दलित ऑर्गनायझेशन काम करते. अशा संघटनांना विचारा: काय हवे, कोणाला हवे, कोण वगळले गेले? कपडे नको, रोख जमवा. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती घ्या. परदेशात पैसा पाठवण्याचे नियम वेगळे आहेत, ते जाणकाराकडून समजून घ्या, मगच डबा फिरवा. प्रत्येक रुपयाचा हिशोब विहाराच्या फळ्यावर लिहा.

आणि त्या ज्येष्ठांना उत्तर? फीचा निधीही उभारूच, तो आपला हक्काचा लढा आहे. पण बावीस प्रतिज्ञांतली करुणा वस्तीच्या वेशीवर थांबत नाही. रांगेत शेवटी उभे करणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच तिथल्या रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे. त्या आजीच्या प्रश्नाला "हो, पोचलं" म्हणता येईल, अशी मोहीम उभी करा.

जय भीम! नमो बुद्धाय!